रॉकेलसारखी निळी

श्रीरामपुरात नबीलाल यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नं, उरूस, सभा, सगळीकडे त्यांचे कर्णे वाजायचे. कॅसेटी आल्या तेव्हा बाकीच्या स्पीकरवाल्यांनी आपल्या रेकॉर्डी भंगारात काढल्या आणि नबीलाल यांनी त्या उचलून आणल्या. त्यांत काही काळ्या नव्हत्या. लाल, निळ्या, पिवळ्या, काही आरपार दिसणाऱ्या. त्या मात्र त्यांनी कधी कुठल्या लग्नात वाजवल्या नाहीत.

ते वारल्यावर दुकान मुलाकडे, कैफकडे आलं आणि रेकॉर्डी नाझनीनकडे. म्हणजे तशी वाटणी कुणी केली नव्हती. नाझनीन त्याची थोरली बहीण. तलाक घेऊन ती माहेरी परतली होती, रिकामं बसायचं नाही म्हणून तिनं रेकॉर्डी पुसायला घेतल्या. पुसता पुसता तिला कळलं की अशा रंगीत तबकड्या जमवणारे लोक मोबाईलवर ग्रुप करून असतात आणि फोटोपेक्षा वर्णनावर जास्त भांडतात. फोटोत रंग खोटा येतो. एकाच्या मोबाईलवर लाल दिसलेली दुसऱ्याच्या मोबाईलवर विटकरी दिसते.

मग तिनं लिहायला सुरुवात केली. सकाळी गच्चीवर तबकडी पांढऱ्या चादरीवर ठेवायची, मग उन्हासमोर धरायची, मग तिरकी करून चरे बघायचे. एकीबद्दल तिनं लिहिलं, ‘डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल, पलीकडची बोटं स्पष्ट दिसतात, कडेला एक बुडबुडा.’ दुसरीबद्दल, ‘पांढरी, पण साबणाच्या वडीत असतात तसे करडे ढग. उजेड आत शिरत नाही.’ खोट असेल तर ती पहिल्या ओळीत लिहायची. लोक तिच्या नावावर डोळे झाकून मागवू लागले.

कैफला हे आवडत नव्हतं. दुकानात डीजेचे नवे बॉक्स आणले होते, ते महिनोन्‌महिने उभे होते, आणि लोक येऊन विचारत होते, रेकॉर्डवाल्या ताई कुठायत?

“खोट आधी लिहितेस,” तो म्हणायचा. “धंदा असा करतात का?”

“मी असाच करते.”

“सासरीपण असंच खरं खरं बोलली असशील. म्हणून तर इथं आहेस.”

हे तो अम्मीसमोर बोलायचा. अम्मी, म्हणजे शरिफा, कैफच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची.

पावसाळा सरल्यावर, एका शुक्रवारी, शेवगावहून वैजनाथ आले. त्यांचं तिकडं खत-बियाण्यांचं मोठं दुकान. जीप दारात आडवी लावली, आत आले आणि पुठ्ठ्याचं पार्सल काउंटरवर आदळलं.

“नाझनीन कोण?”

“मी.”

“लाज वाटती का काही?”

पार्सलात एक निळी रेकॉर्ड होती. वैजनाथांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. खाली नाव तिचंच होतं. वर लिहिलं होतं, ‘एकदम नवीन. काचेसारखी निळी. एकही चरा नाही.’

नाझनीननं ते दोनदा वाचलं. ‘एकदम नवीन’ हे शब्द तिनं आजवर कधी लिहिले नव्हते. ही रेकॉर्ड तिनं विकायलाच काढली नव्हती. तिच्यावर केसाएवढ्या चऱ्यांचं जाळं होतं. रंग मात्र दुर्मीळ, रेशनच्या रॉकेलसारखा, पातळ आणि थंड. ती तिनं स्वतःसाठी ठेवली होती.

“सुई टेकवली तर सुईला काळा चिकटा आला,” वैजनाथ म्हणाले. “त्याच सुईनं मी माझी दुसरी वाजवली. तीबी गेली. मी काय येडा हाय का? शेवगाववरून हितं हवा खायला आलो न्हाई.”

कैफ बॉक्सच्या मागून पुढं आला. “पोस्टात खराब झाली असेल. आमचा काय संबंध?”

नाझनीननं ओढणीचं टोक तबकडीवरून फिरवलं. टोक तेलकट झालं. पुसल्या जागी चकाकी गेली आणि खालचं जाळं वर आलं. तिनं टोक हुंगलं. गाडीचा डॅशबोर्ड चमकवायला मारतात त्या स्प्रेचा वास. डबा कैफच्या खुर्चीमागं, फळीवरच होता.

“आपा, तू आत जा,” कैफ म्हणाला.

“माझ्या मोबाईलवरून लिहिलंस?”

“आत जा म्हणतोय.”

ती वैजनाथांकडे वळली. “हिच्यावर स्प्रे मारलाय. चरे झाकायला. वर्णन खोटं आहे. तुमचे पैसे परत मिळतील, सुईचेही.”

“वा,” कैफ म्हणाला. “गिऱ्हाइकासमोर भावाला चोर ठरव.”

“मी तुझं नाव घेतलं नाही.”

“मग कोण उरलं इथं?”

दुकानामागच्या घरातून, पडद्याआडून अम्मीचा आवाज आला. “नाझनीन, गप्प बस. घरातलं घरात राहू दे.”

वैजनाथ हसले, पण त्यात गंमत नव्हती. “तुमचं घरचं मला नगं. चोर ते चोर, दोघंबी. बाई, तुमी आत्ता ग्रुपवर लिवा. सगळ्यांना कळू द्या. मग मी जातो.”

नाझनीन मोबाईल काढून उभ्या उभ्या लिहू लागली. कैफनं तो हिसकावायला हात घातला. तिनं हात मागं घेतला. तेव्हा त्यानं काउंटरवरची रेकॉर्ड उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि काउंटरच्या कडेवर आपटली. पहिल्यांदा ती नुसती वाकली. दुसऱ्यांदा फुटली. निळे तुकडे टाइल्सवर घसरत जीपच्या चाकापर्यंत गेले.

“आता लिही,” तो म्हणाला. “लिही, किती आरपार दिसतं ते.”

नाझनीननं लिहिलं. ‘निळ्या रेकॉर्डीचं वर्णन माझ्या नावानं खोटं गेलं. चरे लपवले होते. रेकॉर्ड आता फुटली आहे.’ पाठवून तिनं मोबाईल वैजनाथांना दाखवला. त्यांनी वाचलं, मान हलवली नाही, आणि जीप मागं घेऊन निघून गेले.

“तुझं भंगार उचल,” कैफ म्हणाला. “परत या दारात दिसू नकोस.”

त्याला वाटलं होतं ती रडेल, अम्मी मध्ये पडेल आणि संध्याकाळपर्यंत मिटेल. नाझनीननं टेम्पो बोलावला. खोकी स्वतः उचलून ठेवली, प्रत्येक रेकॉर्ड उभी. अम्मी उंबऱ्यात उभी होती. “लोक काय म्हणतील,” एवढंच तिनं विचारलं, आणि तेही कैफकडे बघत.

स्टेशनाच्या पलीकडे एका नर्सबाईंनी तिला वरची खोली दिली. खिडकी पूर्वेला, तेवढंच तिला हवं होतं. ग्रुपवर महिनाभर लोक तिला वाट्टेल ते बोलले. काहींनी जुने व्यवहारही उकरून काढले, की तेही खोटेच असणार. ती पूर्वीसारखंच, खोट आधी लिहीत राहिली. हळूहळू मागण्या परत येऊ लागल्या.

ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मी डबा घेऊन आली. खोली बघितली, चहा प्याली.

“त्याची माफी माग. लहान भाऊ आहे.”

“कशाबद्दल मागू?”

अम्मीनं कप खाली ठेवला. “तुला माणसं नकोत. तुला काचा हव्यात.”

“अम्मी, त्यानं माझं नाव विकलं.”

“नाव घेऊन काय करणार आहेस एकटी,” अम्मी म्हणाली आणि डबा तिथंच ठेवून जिना उतरली. नाझनीन तिला पोचवायला खाली गेली नाही. डबाही तिनं दुसऱ्या दिवशी नर्सबाईंच्या हातीच परत पाठवला, धुऊन, रिकामा.

उन्हाळ्यात एका तपकिरी रेकॉर्डीची मागणी आली. पत्ता शेवगावचा, वैजनाथांचा. तिनं पाठवली. चार दिवसांनी फोन वाजला.

“मधाच्या रंगाची लिवलंय तुमी.”

“हो.”

“मध असा नसतो. मधात पिवळं असतं. ही काकवी हाय. गुऱ्हाळावर कधी गेला न्हाई वाटतं.”

“परत पाठवा मग.”

“परत कशाला पाठवू? वाजती चांगली. मी फक्त सांगतोय, तुमाला रंग कळत न्हाई.”

“चरे लिहिले होते तेवढेच आहेत ना?”

“तेवढेच हायत,” ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

त्याच रंगाची आणखी एक तबकडी तिच्याकडे होती. ती घेऊन ती खिडकीशी गेली, उन्हासमोर धरून बराच वेळ बघत राहिली. माणूस उर्मट होता, पण त्याचं बरोबर होतं. तिनं ‘मध’ खोडून ‘काकवी’ लिहिलं. त्याला मात्र तिनं ते कधीच कळवलं नाही.