पालीच्या अंड्यांवरचा ठिपका

माझा नवरा जेरार्ड याला सगळं कळतं. एसी कितीवर ठेवावा, फादरनी प्रवचन किती लांबवावं, मीना बाजारातल्या दुकानदारानं कापड कसं कापावं, सगळं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत, घरी आम्ही दोघी. ती चार माणसं संध्याकाळी सुटतात.

आमची शेनॉन बारावीला. तिच्या वर्गातली एक मुलगी आईबापांबरोबर दुबई सोडून कॅनडाला गेली, आणि जाताना काचेच्या पेटीसकट दोन पाली आमच्या गळ्यात मारून गेली. एक नर, एक मादी. अंगावर तपकिरी पट्टे, एवढाच काय तो थाट, बाकी पाल ती पालच. वसईला माझ्या माहेरी हिला केरसुणीनं हाकलतात. इथे बर दुबईत तिला गरम दगड, ओल्या शेवाळाची गुहा आणि जेवायला कॅल्शियमची पावडर लावलेले जिवंत रातकिडे. ते रातकिडे सुटायचे आणि माझ्या ओट्याखाली बसून किरकिरायचे. मी हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. तिथे पाहुण्यांच्या खोलीत एक मुंगी दिसली तरी मी माफी मागते, आणि घरी येऊन किडे पोसते!

"शी डझन्ट क्लाइम्ब वॉल्स, मम्मी. अँड लुक, शी हॅज आयलिड्स!" शेनॉन मला पटवायची. पापण्या! मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतकं निरखून बघत नाहीत.

शेनॉनला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. जेरार्डनं ती पाळण्यात असल्यापासून तिचं बी.कॉम. ठरवून ठेवलेलं. रोज जेवताना त्यावरून वाद. असंच एकदा सोरपोतेल वाढून घेता घेता तो म्हणाला, "दोन पाली सांभाळून कोण डॉक्टर होत नाय. ह्यांची पिल्लं काढून दाखव. एक जरी जिवंत निघालं ना, जा व्हेटरनरीला. नायतर बी.कॉम., खलास."

"डील?" शेनॉननं विचारलं.

"डील. जेरार्ड शब्द मोडत नाय."

एवढा मोठेपणा कशाला, ते मला कळत होतं. पाली पिल्लं देतील यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पहिल्या खेपेची अंडी पोकळ निघाली तेव्हा गृहस्थ दाढी करताना शीळ घालत होते.

दुसऱ्या खेपेला मादीनं पुन्हा दोन अंडी घातली. लांबट बोराएवढी, मऊ सालीची. शेनॉननं ती चमच्यानं अलगद उचलली, प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं ठिपका काढला आणि हलव्याच्या रिकाम्या डब्यात ओल्या भुशावर ठेवली. तो डबा तिच्या टेबलावरच्या उबवणीच्या पेटीत गेला. काही दिवसांनी तिनं मोबाइलचा टॉर्च लावून आम्हांला दाखवलं, तर आत लाल केसासारख्या शिरा.

"नोबडी टचेस धिस," ती म्हणाली. मला सांगायची गरजच नव्हती. त्या खोलीत मी झाडूसुद्धा लांबूनच मारत होते.

जेरार्ड मात्र त्या शिरा परत परत बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याची चालच बदलली. रविवारी चर्चबाहेर मित्राला, डेन्झिलला, सांगत होता, "आमच्याकडे ब्रीडिंग चालू आहे." जसा काही हाच रोज अंड्यांवर बसतोय! मला हसू आवरेना.

दिवस भरले, उलटले. अंडी फुगायची सोडून खपाटीला गेली. एकावर बुरशी आली. शेनॉन तरीही वाट बघत राहिली, जेवण नीट जाईना तिला. शेवटी एका शनिवारी दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर टिश्यू पसरला आणि बारीक कात्रीनं अंडी कापली. पहिल्यात पिवळा गाळ. दुसऱ्यात पूर्ण पिल्लू, शेपटी अंगाभोवती गुंडाळलेलं, पट्टेसुद्धा उमटलेले. मेलेलं.

ती रडली नाही. डोळे मीच पुसले. मी, जिला पालीची शिसारी!

जेरार्ड खुर्ची ओढून बसला. गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. "मादीच कमअस्सल असणार," तो म्हणाला. "नायतर आपण काय कमी केलं? मी रोज फिरवत होतो."

"काय फिरवत होतास?" मी विचारलं.

"अंडी! ही शाळेच्या बसनं गेली की उलटी, मी ऑफिसला निघताना परत सुलटी. आमची आई खुडूक कोंबडीखाली अंडी मांडायची तेव्हा कोळशानं खूण करायची. कुठलं फिरलं, कुठलं नाय, ते कळायला. कोंबडी आळशी असली तर आई स्वतः फिरवायची, नायतर पिल्लू आत चिकटतं. हिनं पण ठिपका केलेला. म्हटलं, पोरीला माहितेय, पण बिचारीला वेळ मिळत नाय."

शेनॉननं कात्री खाली ठेवली. "द डॉट वॉज सो दॅट नोबडी टर्न्स देम, डॅडी. दे ड्राउन."

कोंबडीचं अंडं फिरवलं नाही तर मरतं, पालीचं फिरवलं तर. आतला जीव वरच्या सालीला धरून असतो, अंडं उलटलं की बुडतो. आमच्या वसईच्या पंडितानं कोंबडीची अक्कल पालीला पाजली होती.

"मग मला सांगायचं ना!" तो म्हणाला.

"आय सेड नोबडी टचेस. यू नेव्हर आस्क्ड व्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पैज हरू नये म्हणून केलंस?"

"ओल्गा!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज चिरकला. "तिला जिंकवायला बघत होतो मी!"

ते खरं होतं, आणि तेच वाईट होतं. दुष्टपणा केला असता तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. हा माणूस मायासुद्धा न विचारता करतो, आणि तिच्याखाली जे सापडेल ते चिरडतं.

शेनॉननं हात धुतले. लॅपटॉप आणला, कॉलेजच्या ॲडमिशनचं पान उघडलं आणि बापासमोर ठेवला. "ओके. यू वन. बी.कॉम. यू फिल इट."

जेरार्ड टिश्यूवरच्या पिल्लाकडे बघत होता. सवयीनं त्याचा हात लॅपटॉपकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे.

"तूच भर," तो म्हणाला. "तुला पायजे ते. मी हात लावत नाय."

"डील इज अ डील, डॅडी."

"अंडी मी मारली. आता डील कसली?"

तिनं त्याच्या दाबलेल्या हातांकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली, पण हात काढले नाहीत. मग तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, व्हेटरनरीचं पान उघडलं आणि टाइप करायला लागली. जेरार्डनं मान लांब केली, काहीतरी सुचवायला तोंड उघडलं. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्यानं तोंड मिटलं आणि तसाच हातांवर बसून राहिला, तिनं शेवटचं बटण दाबेपर्यंत.