भिंगरीचा फर्मा

बूटवाल्याने दुकान रंगवायचं काम मेव्हण्याला सांगितलं, तिथेच चुकलं. मेव्हणा भारी उत्साही. भिंतींबरोबर त्याने फळ्याही आवरल्या, बूट ज्यांवर बेततात ते गुळगुळीत लाकडी फर्मे पुसून ओळीने मांडले आणि मागच्या कोपऱ्यातलं पोतं बंदरावरच्या जुन्या बाजारात देऊन आला. वर म्हणतो कसा, "दाजी, त्यातले सगळे फर्मे ठिगळं लावलेले होते हो!"

बूटवाला कोपऱ्याकडे धावला. त्या पोत्यात, मोडीत काढलेल्या फर्म्यांमध्ये, भिंगरीचा फर्मा होता.

भिंगरी त्याची मुलगी. डावं पाऊल जन्मापासून आखूड नि आत वळलेलं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिचे बूट बापच शिवायचा. पाय वाढेल तसं फर्म्याला लाकूड जोडायचा आणि बूट जिथे चावेल तिथे त्यावर चामड्याचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे पुढच्या बुटात तेवढी जागा मिळायची. अशी पंधरा वर्षांची ठिगळं होती त्यावर. लाकूड काय, दिवसभरात कोरून झालं असतं, पण ठिगळं कुठून आणायची? पुन्हा सहा महिने पोरीच्या पायाला फोड. आणि सोमवारपासून तिची नोकरी, बोटीच्या धक्क्यावर तिकिटं तपासायची, आठ तास उभ्याने. जुना बूट तर परवाच फाटला होता.

शनिवारी सकाळीच बापलेक बाजारात हजर झाले. जुन्या गोदामांच्या कमानींखाली गंजके नांगर, बोटींवरचे कंदील, दारांच्या मुठी, जोडीदार हरवलेल्या कपबश्या, काय वाट्टेल ते मांडलेलं.

"मामालाही इथेच विकून टाकू," भिंगरी म्हणाली. बापाला हसू आलं नाही.

शेवटच्या कमानीखाली एक बाई पॉलिश पेपरने फर्मा घासत बसली होती. "शोभेला नेतात लोक. ठिगळं उपटली की लाकूड कसं झकास निघतं बघा," ती कौतुकाने म्हणाली. तिच्या पायाशी उपटलेल्या चामड्याचा ढीग होता.

बूटवाला तिच्या फर्म्यांपाशी बसला. एकेक फर्मा हातात घेऊन त्याने चाचपला. त्यात भिंगरीचा नव्हता.

"एक वाकडा होता का हो? डावा, आखूड?" त्याने विचारलं.

"तो होय! त्याचं काय घासणार, कपाळ? नुसती ठिगळंच. तो तिथे ठेवलाय, वाऱ्याला."

ताडपत्रीचं टोक दाबून, दगडाच्या जागी, भिंगरीचा फर्मा बसला होता.

बूटवाल्याने तो उचलला आणि डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. करंगळीजवळचं, शाळेच्या सहलीचं. टाचेचं, सायकल शिकतानाचं. सगळी ठिगळं जागच्या जागी होती. "आहे गं बाई, आहे! सगळं आहे!" तो ओरडला आणि भर बाजारात घळाघळा रडला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की लाजही वाटेना.

तिकडे सुटलेली ताडपत्री बाईच्या डोक्यावर आली. "अहो, एवढ्याशा वेड्यावाकड्या लाकडासाठी..."

"माझा पाय आहे तो," भिंगरी म्हणाली.

बाई ओशाळली. "ने गं बाई, तुझाच आहे." पैसे घ्यायला ती काही तयार होईना. भिंगरीने तिथल्या सामानातली एक गंजकी इस्त्री शोधून ताडपत्रीवर ठेवली.

परतताना भिंगरी फर्मा उलटासुलटा करून बघत होती. उजेडात तिने तो कधी पाहिलाच नव्हता. "बाबा, हा पोत्यात का ठेवत होतात?"

"गिऱ्हाईकं काहीबाही विचारतात. तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला?" ती थांबली. "मामाने टाकला खरा, पण त्याच्याआधी तुम्हीच लपवलात."

बापाला ते लागलं.

दुकानात ओल्या रंगाचा वास होता. बूटवाल्याने समोरच्या फळीवरचे दोन गुळगुळीत फर्मे सरकवले आणि मधोमध भिंगरीचा ठेवला. मग चामडं कापायला बसला. दुपारी एक गिऱ्हाईक आलं, त्याची नजर नेमकी तिथेच गेली.

"हा कुणाचा हो, असा?"

भिंगरी बापाकडे बघत राहिली.

"माझ्या लेकीचा," बूटवाला म्हणाला. "सोमवारी कामावर रुजू होतेय. तिचेच बूट शिवतोय. तुमचे मंगळवारी मिळतील."