भाग तिसरा, कोंबडीचा नाच

“शार्क! परत शार्क!” तोआदेरने माउस टेबलावर आपटला. “अरे, ही मारीना आहे. आपल्या लोहाराची मारीना! हिच्या लग्नात शार्क कुठून आला?”

“नवऱ्याकडून आला असेल, काका,” दारात उभी असलेली विओरिका म्हणाली.

“हसू नकोस, पोरी. तीनदा नाव बदललं मी. रात्री बरोबर असतं, सकाळी पुन्हा हा जबडा उघडून हजर.”

एकोणीस वर्षं तोआदेरने आसपासच्या गावांतल्या लग्नांचं चित्रीकरण केलं होतं. एकूण चारशे बारा लग्नं, बहुतेकांच्या तीन-तीन डीव्हीडी. अलीकडे त्यांचा मुलामा उडायला लागला, म्हणून दोन हिवाळे खर्चून त्याने सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि त्या नीट लावायला एक फुकटचा प्रोग्राम बसवला. प्रोग्रामचं काम सोपं होतं. फाईलचं नाव वाचायचं, जगभरच्या सिनेमांच्या यादीत शोधायचं, आणि सापडलेल्या सिनेमाचं पोस्टर वर चिकटवायचं. या गावातलं एकही लग्न त्या यादीत नव्हतं, पण ‘मला ठाऊक नाही’ एवढं म्हणायची त्याची तयारी नव्हती. म्हणून नावाचाच अर्थ ‘समुद्राची’ असलेल्या मारीनाला शार्क मिळाला. कुणाच्या तरी लग्नाचा दुसरा भाग उंदरांच्या कार्टूनचा पुढचा भाग ठरला. हुत्सान आडनावाच्या लोकांची सात लग्नं तर एकाच सिनेमाच्या सात प्रती समजून त्याने एका पोस्टरमागे कोंबली होती.

“तू कशाला आलीस ते सांग,” तोआदेर म्हणाला. “मी याच्याशी नंतर भांडतो.”

विओरिका बसली. तिची आई आग्लाया तीस वर्षं गावच्या लग्नांत स्वयंपाकीण होती. शरद ऋतूत तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. विओरिका इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करत होती, आणि गुरुवारी तिला परत जायचं होतं.

“आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही, काका. रोज फोनवर बोलायचो. फोन कोण साठवून ठेवतं? तुमच्याकडे असेल. कोंबडीच्या वेळी किती ओरडायची ती!”

जेवणं संपत आली की स्वयंपाकीण भाजलेली कोंबडी सजवून ताटात घेऊन नाचत यायची. लग्नाच्या धर्मबापाला, म्हणजे जोडप्याचा पाठीराखा म्हणून मिरवणाऱ्या मानकऱ्याला, चिडवणारी दोन-दोन ओळींची गाणी म्हणायची, आणि तो कोंबडी विकत घेईपर्यंत हटायची नाही. आग्लायासारखी चिडवणारी दुसरी कुणी नव्हती.

“असेल म्हणजे काय? आहेच!” तोआदेर म्हणाला. “सगळं आहे माझ्याकडे. बुधवारी आईला घेऊन ये.”

कोंबडी नेहमी तिसऱ्या भागात, विसाव्या मिनिटाच्या पुढे-मागे. एवढी खूण पुरेशी होती, पण प्रोग्रामने तिसरे भागच कुठे कुठे नेऊन ठेवले होते. एक वाळवंटातल्या युद्धात सापडला, दुसरा बुद्धिबळावरच्या माहितीपटात. तोआदेर शिव्या देत एकेक उघडत गेला. सोमवारी सकाळी पहिल्यांदा आग्लाया दिसली, कमरेत एक हात, तोंड भरून उघडलेलं. आणि तिच्या आवाजाच्या जागी अकॉर्डियन वाजत होतं.

दुसऱ्या लग्नातही अकॉर्डियन. तिसऱ्यातही, तेच गाणं. दहाव्याला त्याला सगळं आठवलं. शहरात शिकलेल्या नवऱ्या मुली येऊन सांगायच्या, “त्या बाईची बडबड काढा हो, सासरचे बघणार आहेत.” पुढे पुढे कुणी सांगायची वाट न बघता तो स्वतःच आवाज पुसायचा आणि वर तीन मिनिटांची एक धून टाकायचा. मूळ टेपवर पुढच्या रविवारचं लग्न चित्रित व्हायचं.

एकसष्ट लग्नांत आग्लाया सापडली. एकसष्ट वेळा अकॉर्डियन वाजलं.

बुधवारी दुपारी विओरिकाने चाकांची खुर्ची उंबऱ्यावरून आत घेतली. त्यात आग्लाया होती. डोक्याला धुतलेला रुमाल, उजवा हात मांडीवर निजलेला. तोआदेरने एक लग्न लावलं. एक मिनिट तिघांनी बघितलं.

“हे गाणं संपलं की आई बोलेल ना?” विओरिकाने विचारलं.

“नाही.”

“मग दुसरं लावा.”

“सगळीकडे असंच आहे. मीच पुसलं.” त्याने प्रोग्रामकडे बोट केलं. “याची काही चूक नाही.”

“तुम्ही तर ऐकलं असेल,” विओरिका म्हणाली. “पुसायच्या आधी.”

ऐकलं होतंच. नेमकं कुठून कुठवर पुसायचं ते ठरवायला प्रत्येक ओळ त्याने चार-चार वेळा ऐकली होती. त्याने अकॉर्डियन बंद केलं, चित्र मागे नेलं, आणि पडद्यावर आग्लायाचे ओठ हलले तसा घसा साफ केला.

“कोंबडी माझी भरल्या अंगाची,
मेजवानी आज लाल रंगाची.”

धाड! आग्लायाचा डावा हात खुर्चीवर आपटला.

“काय झालं, ताई? असंच होतं की!”

पुन्हा धाड.

“बरं, पुन्हा घेतो.” त्याने चित्र मागे नेलं आणि त्याच ओळी जरा हळू म्हटल्या. यावेळी हात दोनदा आपटला. आग्लायाचे डोळे त्याला भोसकत होते.

“काका,” विओरिका म्हणाली, “तुम्ही आत्ताही पुसताय का?”

तोआदेरचे कान तापले. “ताई, पोरीसमोर कसं म्हणू?”

“पोरगी त्रेपन्न वर्षांची आहे. म्हणा.”

त्याने छताकडे बघितलं.

“कोंबडी माझी भरल्या अंगाची,
रात्र तुझी, धर्मबापा, नुसती सोंगाची!”

हात खुर्चीवर शांत पडून राहिला. आग्लायाने पडद्याकडे मान वळवली. विओरिकाने पिशवीतून फोन काढला आणि तोआदेरच्या तोंडाजवळ धरला.

पुढच्या दोन ओळी पाद्रीबाबांवर होत्या. तोआदेर उठला, खिडकी लावून आला, आणि सुरू झाला.