पाहुण्याला पाण्याची कॉफी

अबोलीने जठारपेठेत कॉफीच्या यंत्रांचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा माझी बायको कुंदा म्हणाली, "अकोल्यात कॉफी? इथे माणूस कॉफी पितो ती सर्दी झाली तर, नाहीतर चहापत्ती संपली तर."

"मग सर्दी न झालेल्यांना पाजू, आई," अबोली म्हणाली.

अबोली आमची सून. मुलगा केयूर बँकेत आहे आणि सासू-सुनेच्या बोलण्यात मत देत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. दुकानात माझं काम एकच होतं, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून यंत्रांबरोबर आलेल्या पुस्तिका वाचायच्या. गिऱ्हाइकांशी बोलणं मला जमत नाही. कोणी नुसता भाव विचारला तरी मी अबोलीकडे बघतो.

दुकान चाललं. कुंदालाही ते मान्य करावं लागलं. लोक कुतूहलाने यायचे, घेऊन जायचे आणि मग अनुभव सांगायला परत यायचे. शेखर वकिलांनी गॅसवर ठेवायचं दोन मजली भांडं नेलं होतं. खालच्या मजल्यावर पाणी उकळतं आणि कॉफी होऊन वर चढते. आठवडाभरात ते भांडं घेऊन आले. रबर जळालेलं.

"याची शिट्टीच होत नाही," वकील म्हणाले. "मी तीन शिट्ट्यांची वाट बघत बसलो."

"वकीलसाहेब, हा कुकर नाही. वर कॉफी आली की बंद करायचं," अबोली म्हणाली.

"न सांगताच येते?"

"हो. तुमच्या अशिलासारखी."

शेजारच्या रश्मीने काचेचं उंच भांडं घेतलं, दांड्याला जाळी असलेलं, वरून दाबायचं. तिची तक्रार नव्हती. उलट ती मुद्दाम सांगायला आली की त्यात मठ्ठा फार सुंदर गाळला जातो, आलं-मिरची खाली राहते. ते ऐकून कुंदानेही एक घरी आणलं. त्यात अजून कॉफी पडलेली नाही. स्टीलचं मद्रासी फिल्टर नेणाऱ्यांचं म्हणणं एवढंच असे की थेंब थेंब पडेपर्यंत पाहुणा उठून जातो.

दुकानाचा खरा आधार होता तो विजेच्या यंत्राचा. मागच्या टाकीत पाणी ओतायचं, जाळीत कॉफीची भुकटी टाकायची, बटण दाबायचं. खालच्या काचेच्या भांड्यात काळी, कडक कॉफी जमा होते. तेच यंत्र परत येऊ लागलं. काही दिवस उत्तम चालायचं आणि मग अचानक आतून गच्च व्हायचं. आम्ही ते नागपूरच्या वितरकाकडे पाठवायचो. तिथून दुरुस्त होऊन यायचं, सोबत शेरा, 'नळीत पांढरा थर. पाणी खारं.'

अकोल्यात हा शेरा कोणालाही पटेल. आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही. मीही तो मानला आणि मराठीत आठ पानांची पुस्तिका लिहिली. फिल्टरचं पाणीच वापरा, असं त्यात तीन ठिकाणी होतं. कुंदाने ती वाचली.

"छान आहे," ती म्हणाली. "कॉफी पाचव्या पानावर येते."

पुस्तिका वाटली, तरी यंत्रं येतच राहिली. मग नागपूरहून वितरकाचा, विपुलचा, फोन आला. तो अबोलीच्या वयाचा, बोलायला गोड माणूस. अमरावतीच्या खुशालरावांचं यंत्र दोनदा दुरुस्त करून दिलंय, तो म्हणाला. तिसऱ्यांदा आलं तर अकोल्याची एजन्सी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. शनिवारी येतो, तेव्हा ठरवू.

विजेचं यंत्र गेलं तर दुकानात उरणार काय, मठ्ठा गाळायची भांडी. अबोलीने त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढलं आणि दुरुस्त होऊन आलेलं खुशालरावांचं यंत्र टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसली.

"बाबा, यंत्र वाईट नाही," ती म्हणाली. "कोणीतरी काहीतरी करतंय आणि सांगत नाहीये. तुम्ही हे अमरावतीला घेऊन जाल?"

"मी? मी तिथे बोलणार काय?"

"बोलू नका. बघा. तुम्हाला तेवढं चांगलं येतं."

खोकं मांडीवर घेऊन मी बसने निघालो. मूर्तिजापूरपर्यंत मनात वाक्यं जुळवली, बडनेऱ्यापर्यंत ती विसरलो.

खुशालराव मोर्शीकडचे संत्रा बागायतदार. मुलांच्या शिक्षणासाठी अमरावतीत साईनगरला घर बांधलं आणि मुलं बाहेरगावी गेल्यावर नवरा-बायको तिथेच राहिले. दार त्यांनीच उघडलं.

"या जी सर, या. पोरीनं तुमाले कायले तरास देला? एखाद्या पोऱ्याले धाडलं असतं."

मी काहीतरी पुटपुटलो आणि यंत्र ओट्यावर मांडून दिलं. त्यांच्या घरी पाण्याचा फिल्टर होता, चांगला, नवा. नळाच्या पाण्यालाही खारेपणा नव्हता. मी एक घोट पिऊन पाहिला. नागपूरचा शेरा त्या एका घोटात संपला. मला आनंद व्हायला हवा होता, पण वाटलं, आता तर काहीच हातात उरलं नाही.

मी टाकीत पाणी ओतलं, बटण दाबलं. खळखळ झाली, कॉफी खाली आली. खुशालरावांच्या पत्नी वच्छलाबाई पदराला हात पुसत बघत होत्या.

"चालते की मस्त," त्या म्हणाल्या.

"रोज सकाळी अशीच चालते," खुशालराव म्हणाले. "आमी दोघं घेतोच ना. सवयच लागली. पन नेमकी येळेवर दगा देते. पयल्यांदा बंद पडली तवा व्याही आले होते. दुसऱ्यांदा साळा आला होता पुण्याहून. चार लोकांत इज्जत गेली ना जी."

"दोन्ही वेळा पाहुणे होते?" मी विचारलं. त्या घरातला माझा तो पहिला पूर्ण प्रश्न.

"त मी सांगून काय राहिलो. मशीनले माणसं समजतात."

आम्ही बैठकीत येऊन बसलो. ट्रायलची कॉफी खुशालरावांनी खिडकीतल्या तुळशीजवळ ठेवून दिली. वच्छलाबाई आतून म्हणाल्या, "भाऊ, बसा. थे त ट्रायल झाली. आता तुमच्यासाठी करतो चांगली."

खुशालराव या वर्षीच्या बहराचं सांगू लागले. मी मान हलवत होतो, पण माझा कान स्वयंपाकघरात होता. फ्रिज उघडला. पातेल्याचं झाकण ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग ओतल्याचा आवाज, आणि तो पाण्याचा नव्हता. पाणी असं मऊ पडत नाही.

मी उठलो. परक्याच्या घरात, न विचारता, थेट स्वयंपाकघरात गेलो. पन्नास वर्षांत असं कुठे केलं नव्हतं. वच्छलाबाई यंत्राच्या टाकीत सायीसकट दूध ओतत होत्या. दुसऱ्या हाताचं बोट बटणाजवळ होतं.

"थांबा," मी म्हणालो.

मागून खुशालराव आले. "काय झालं जी सर? साप निंघाला का?"

वच्छलाबाईंनी हात मागे घेतला. चोरी पकडल्यासारखा चेहरा नव्हता, उलट किंचित रागच होता. "मले मालूम हाय, पानी टाका लिहिलंय. तुमची पुस्तिका वाचली मी. आखी वाचली. पन थे घरच्यांसाठी हाय. घरी आलेल्या माणसाले पान्याची कॉफी देऊ का मी? सोयऱ्याच्या घरी पान्याचा चहा भेटला त तुमी काय समजान? उठा आन् घरी जा, असंच ना?"

त्यांचं खरं होतं. आमच्या वऱ्हाडात चहात पाण्याचा अंश किती, यावरून माणसं घराची पारख करतात. माझ्या आठ पानांत पाण्याचा खारेपणा होता, तापमान होतं, कॉफीचं झाड कुठून आलं तेही होतं. पाहुणा कुठेच नव्हता.

"आणि यंत्र परत पाठवताना?" मी विचारलं.

"टाकी घासून, उन्हात वाळवून पाठवली. जळक्या दुधाचा वास येत होता. दुकानातल्या पोरीनं काय म्हटलं असतं, येवढंबी समजत नाई का बाईले?"

खुशालराव बायकोकडे बघतच राहिले. "म्हंजे व्याह्यांच्या येळेस तू... आन् मी त्या नागपूरवाल्याले फोनवर काय नाई थे बोललो."

"बोलले त बोलले. दूध काय त्यानं टाकलं होतं का?"

आता मी काही बोललो नसतो तर त्या बाईंनी आयुष्यात पुन्हा त्या यंत्राला हात लावला नसता. मला बसमधलं एकही वाक्य आठवलं नाही. ओट्यावर कोपऱ्यात हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली दिसली, तिच्यावरून सुचलं.

"वहिनी, पुरण आहे का आज?"

"हो, तुमी येनार म्हनून."

"ही डाळ दुधात शिजवणार?"

"दुधात डाळ शिजन का जी? बुडाले लागून गच्च बसन."

"मग पाण्यात शिजवली म्हणून पाहुण्याचा अपमान होतो?"

"काहून व्हईन? वरतून तूप वाढतो ना आमी. वाटीभर."

"कॉफीसुद्धा डाळच समजा. ती पाण्यातच शिजते. दुधात शिजवायला गेलात तर नळीच्या बुडाला लागते. दूध वरून वाढा. जेवढा मान करायचा तेवढं वाढा. दुधात पाण्याचा थेंब घालू नका."

टाकीतलं दूध त्यांनी पातेल्यात परत ओतलं, टाकी धुतली, आणि मी न सांगता त्यात पाणी भरलं. भुकटी मात्र दुप्पट टाकली. मी अडवलं नाही, ती बरोबर होती. दुसरीकडे दूध साखर घालून गॅसवर आटवलं, साय वर तरंगेपर्यंत. कपात आधी काळी कॉफी, मग वरून दूध.

पहिला कप मला दिला, दुसरा नवऱ्याला. खुशालरावांनी घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"पान्याची नाई वाटत," ते म्हणाले.

"पान्याची नाईच हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "शिजली फक्त पान्यात."

पुरणपोळी खाऊनच मला सोडलं. रिकामं खोकं मी तिथेच ठेवून आलो.

अकोल्यात पोहोचलो तसा थेट दुकानात गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अबोलीने पूर्ण ऐकलं आणि फोन उचलला. ज्यांची ज्यांची विजेची यंत्रं परत आली होती, त्या प्रत्येकाला तिने यंत्राबद्दल काही विचारलंच नाही. "मशीन बंद पडली तेव्हा घरी कोणी आलं होतं का हो?" एवढंच. कोणाकडे साडू आलेला, कोणाकडे जावई, कोणाकडे मुलीला बघायला मंडळी. एका बाईंनी तर उलट विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आता पुस्तिका बदलावी लागेल," मी म्हणालो. "पाहुण्यांवर एक प्रकरण घालतो."

"पुस्तिका नको, बाबा," अबोली म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुमचं डाळीचं वाक्य ठेवू. तेवढंच."

शनिवारी विपुल आला. दुकानात शिरताच थबकला. प्रत्येक विजेच्या यंत्राशेजारी अबोलीने एकेक स्टीलचं पातेलं मांडलं होतं, लहान, जाड बुडाचं. यंत्राच्या टाकीवर चिठ्ठी, 'कॉफी इथे शिजते.' पातेल्यावर चिठ्ठी, 'पाहुण्याचं दूध इथे.'

"हे काय आहे, मॅडम?"

"यंत्राबरोबर देतो आम्ही. बसा, तुमच्यासाठी करते."

"पाणी तुमच्याकडे खारं आहे, हा आमच्या टेक्निशियनचा..."

"त्यांना सांगा, थर पाण्याचा नव्हता. दुधाचा होता. आता त्या अमरावतीच्या यंत्राबद्दल मला विचारू नका, खुशालरावांनाच विचारा."

विपुल हसला, पण त्याने फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. खुशालरावांनी तिसऱ्या घंटेला उचलला.

"मशीन?" ते म्हणाले. "मस्त चालून राहिली. काल जावई येऊन गेले, सात कप झाले. कोन बोलून राहिले तुमी?"

विपुलने नाव सांगितलं.

"हां, नागपूरवाले. तुमाले मी मागं वाईट बोललो होतो. थे मनातून काढून टाका. या एकदा इकडं, दुधाची कॉफी पाजतो."

विपुलने फोन ठेवला. अबोलीने त्याच्यासमोर काळ्या कॉफीवर दूध ओतलं, काठोकाठ. तो प्यायला. यवतमाळ आणि वाशीमहूनही हीच यंत्रं गच्च होऊन येतात, तो म्हणाला, आणि तिथेही आम्ही पाणी खारं असंच लिहून देतो.

"एजन्सीचं काय ठरलं?" अबोलीने सरळ विचारलं. मला ते जमलं नसतं.

"तुमचीच राहील. पुढचा माल सोमवारी पाठवतो." त्याने पातेलं उचलून बूड ठोकून पाहिलं. "ही कुठून घेता तुम्ही?"

"भांडेगल्लीतून."

"यवतमाळसाठी काही मिळतील?"

"मिळतील," मी म्हणालो, कोपऱ्यातल्या खुर्चीतून. "पण चिठ्ठीसकट न्या."