फाटकाचा कायदा

मंगळवारी दुपारी एल्बिया लारोसा अंगणात कोंबड्यांना मका टाकत होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे खासदार दार्दो एचार्त. शाळेत दोघं एका बाकावर बसलेले, त्यामुळे साहेब-बिहेब काही नाही.

"एल्बिया, उद्यापासून तू मी आहेस."

"शुद्धीवर आहेस ना रे?"

"ताप आलाय मला. बदली खासदार म्हणून यादीत नाव कुणाचं आहे? तुझंच ना? सकाळच्या बसनं मोन्तेविदेओला जा. परवा मतदान आहे."

"आणि मत कुठलं द्यायचं?"

"तुला कळेलच," म्हणाला, आणि फोन ठेवला.

चार वर्षांपूर्वी गावच्या, पासो सारांदीच्या, शाळेत ती स्वयंपाकीण होती. तेव्हा त्यानं डाळीच्या पातेल्याशेजारी कागद ठेवून तिची सही घेतली होती. यादीत गावाकडची एक बाई हवी होती, एवढंच. खासदार रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत बदली बसतो, त्याचं मत हेच खासदाराचं मत, हे तिला ठाऊक होतं. पण आपल्याला कुणी खरंच बोलावील, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बसमध्ये तिनं वर्तमानपत्र उघडलं आणि ती बुचकळ्यात पडली. मतदान होतं फाटकाच्या कायद्यावर, म्हणजे दार्दोच्याच कायद्यावर!

दार्दोची चोवीस वर्षांची खासदारकी त्या एका फाटकावर उभी होती. पासो सारांदीहून दवाखान्याला जायचा जुना गावरस्ता नऊ किलोमीटरचा. इरिगाराय या जमीनमालकांनी त्यावर फाटक घालून कुलूप ठोकलं आणि गावाच्या वाट्याला एकतीस किलोमीटरचा वळसा आला. दार्दो त्या फाटकावर चढून बोलला आणि निवडून आला. मग दर निवडणुकीत तेच फाटक आणि तेच भाषण. गावरस्त्यांवरची सगळी कुलपं काढायची, असा त्याचा कायदा. दर वेळी तो मांडला जायचा आणि दर वेळी त्याचं भिजत घोंगडं पडायचं. या खेपेला वरच्या सभागृहानं तो मंजूर केला होता, आता खालच्याचं मत तेवढं उरलं होतं. अशा दिवशी माणूस खाटेवरून उठून रांगत आला असता. याला म्हणे ताप!

गुरुवारी सकाळी संसदेच्या पायऱ्यांवर पक्षाचे म्होरके मिल्तोन बेराकोचेआ थर्मास काखेत धरून माते, म्हणजे तिकडचा कडू चहा, नळीनं ओढत उभे होते.

"या बाई, या. काही अवघड नाही हो. मतदान पुकारलं की हात मांडीवर ठेवायचे, बस."

"पण कायदा तर दार्दोचा आहे."

"म्हणून तर तुम्ही आलात! आपला पक्ष या कायद्याच्या विरोधात आहे. दार्दोनं हात वर केला तर पक्ष जातो, नाही केला तर गाव जातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून त्याला ताप."

"हे त्यानं तुम्हाला सांगितलं?"

"अशा गोष्टी सांगाव्या लागतात होय?" मिल्तोन हसले आणि निघून गेले.

एल्बिया व्हरांड्यात बसली. मिल्तोन म्हणतात हात खाली. दार्दो म्हणतो कळेलच. काय कळेल, कपाळ? तिनं त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं, नेल्सानं उचलला.

"नेल्सा, ताप उतरला का गं त्याचा?"

"ताप? कुणाला? तो तर मेंढ्यांची लोकर उतरवायला गेलाय. तिकडं फोन लागत नाही."

एल्बियाचा गोंधळ आता दुप्पट झाला. पाणी घेऊन आलेला म्हातारा शिपाई तिच्या गळ्यातल्या पट्टीवरचं 'बदली: एचार्त' वाचून म्हणाला, "एचार्तसाहेबांच्या जागेवर का? पुन्हा फाटकाचा कायदा आला वाटतं."

"पुन्हा म्हणजे?"

"याआधी दोनदा मतापर्यंत आला होता बाई. दोन्ही वेळा साहेब आजारी. बदलीवाले आले, हात मांडीवर ठेवून बसले, गेले. चांगली माणसं होती. पाणी घ्या."

तिनं पेला तसाच बाकावर ठेवला. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, ओलिविओच्या छातीत कळ आली तेव्हा तिनं गाडी आधी फाटकाकडेच नेली होती. कुलूप दगडानं ठोकठोक ठोकलं, तुटलं नाही. मग वळसा घेतला. बाविसाव्या किलोमीटरवर ओलिविओ गेला. अंत्यविधीला दार्दो टोपी हातात धरून बोलला होता, "ओलिविओला या फाटकानं मारलं," आणि तो स्वतः रडला होता. त्याच्याच खांद्यावर ती रडली होती. त्याचं ते रडणं खोटं कसं असेल? नाही, नाही. ज्या बाईचा नवरा फाटकापायी गेला ती हात मांडीवर ठेवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. पक्षाच्या नाकावर टिच्चून तिलाच पाठवलं त्यानं. असंच असलं पाहिजे. हे तिला पटलं, निदान पटवून घेतलं.

मतदान पुकारलं. शेजारच्या बाकांवर पक्षाचे सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. एल्बियानं हात वर केला. चिटणिसांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

"नव्याण्णवात पन्नास. मंजूर."

मिल्तोन लालबुंद होऊन आले. "कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"दार्दोनं," ती म्हणाली. "आज मीच दार्दो आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बस दवाखान्याकडच्या थांब्याला लागली तेव्हा दार्दो गाडी घेऊन उभा होता. त्यानं तिच्या गालाला गाल लावला, तिची पिशवी मागे टाकली. दोघं गाडीत बसले, गाडी निघाली.

"हात वर केलास तू," तो शेवटी म्हणाला.

"केला. तुला तेच हवं होतं ना?"

"पन्नासावा तुझाच."

"हवं होतं की नव्हतं, दार्दो?"

तो मान हलवत राहिला. ती मान होकाराची की नकाराची, तिला उमगेना. हा माणूस ताकास तूर लागू देईना. त्याचं रस्त्याकडेही लक्ष नव्हतं. नेहमीच्या वळशाचं वळण मागे पडलं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. गाडी थांबली तेव्हा समोर फाटक होतं.

फाटक आलं की शेजारी बसलेल्यानं उतरून उघडायचं आणि गाडी गेली की मागे लावायचं, हा त्या मुलखातला लहान पोरालाही ठाऊक असलेला रिवाज. दार्दोचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशात गेला आणि त्यानं तिच्या तळहातावर चावी ठेवली.

मग दोघंही त्या चावीकडे बघत राहिले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या निवडणुकीनंतर. म्हाताऱ्या इरिगारायनं दिली. खासदाराला घाई असते म्हणाला. सरकारी कामासाठी, एल्बिया."

तिनं गाडीचं दार उघडलं.

"ओलिविओ गेला त्या दिवशी मी मोन्तेविदेओत होतो."

"मी विचारलं नाही."

ती उतरली. तिनं दगडानं ठोकलं होतं तेच कुलूप. कडेला खाच पडलेली दिसत होती. चावी अलगद फिरली, आत तेल घातलेलं होतं. तिनं फाटक पुरतं उघडलं. दार्दोनं गाडी पुढे घेतली आणि रिवाजाप्रमाणे थांबला.

एल्बियानं मागची पिशवी काढून खांद्याला लावली. इथून तिचं घर दोन किलोमीटर.

"फाटक लाव गं," तो खिडकीतून म्हणाला. "गुरं जातील."

"जाऊ देत," ती म्हणाली, आणि चावी मुठीत धरून चालू लागली.