मायऱ्याच्या दोन गाड्या

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या ट्रकांच्या गर्दीतून मुस्कान झंवर गाडी अशी काढायची, की बघणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत. घरात त्याला कुणाची हरकत नव्हती. सासऱ्याशी बोलायला मात्र बंदी. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. झंवरांच्या घरात सून सासऱ्यासमोर पदर घेते आणि सांगायचं ते सासूच्या मार्फत सांगते, बस. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी सत्यनारायणजींनी सुनेचा आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.

त्या दिवशी सत्यनारायणजींच्या बहिणीच्या सासरी, धावड्याला मायरा न्यायचा होता. भाचीच्या लग्नात मामानं जाऊन बहिणीला चुनडी पांघरवायची, सासरच्या माणसांदेखत तिचा मान करायचा, तो मायरा. थोरल्या भाचीच्या लग्नात सत्यनारायणजी उशिरा पोचले होते आणि बहीण चंदाबाई त्याचे टोमणे सासरी अजून खात होती. "या टायमाला माझ्यापायी बहिणीची मान खाली जाणार न्हाई," असं ते आठवडाभर घरात ऐकवत होते.

नेमका वादळानं तिकडचा मोबाइल टॉवर बंद पाडला. भोकरदन सोडलं की हातातला फोन निव्वळ आरसा. मुस्कानच्या नवऱ्यानं, मयंकनं, बरंच डोकं चालवलं. सॅटेलाइट फोन घ्यावा तर सरकारची परवानगी हवी. वायफायवरून बोलावं तर वायफायच्या दारात गाडी उभी करायची. शेवटी त्यानं परवाना न लागणारे दोन वॉकीटॉकी आणले, दोन्ही गाड्यांत एकेक ठेवला आणि स्वतः तयारीसाठी आदल्या दिवशीच धावडा गाठलं. पुढच्या जीपमध्ये मायऱ्याचं सामान घेऊन सत्यनारायणजी एकटे. मागच्या गाडीत सुकाणूवर मुस्कान, शेजारी सासू धापूबाई आणि त्यांच्या मांडीवर चुनडीची पेटी. बोलायचं काम अर्थातच धापूबाईंचं.

भोकरदन मागं पडल्यावर धापूबाईंनी घसा साफ करून बटण दाबलं. "अहो, ऐकलं का?"

"बोला की!" पलीकडून भलताच गडी बोलला.

धापूबाईंनी वॉकीटॉकी विंचू असल्यासारखा सीटवर टाकला. "अगं बाई, हे कोण?"

पुढं रस्त्याचं काम चालू होतं. तिथला मुकादम त्याच चॅनलवर मुरूम वाहणाऱ्या टिपरवाल्यांना सूचना देत होता, हे मुस्कानच्या लगेच ध्यानात आलं. "मम्मीजी, नाव घेऊन बोला. नुसतं 'अहो' म्हटल्यावर इथले सगळेच नवरे ओ देतील."

"नवऱ्याचं नाव घेऊ? या वयात? बिनणी, सून असून काहीतरीच बोलतेस!"

तेवढ्यात मुकादम ओरडला, "उजवीकडून घे! जल्दी! बिलकुल थांबू नको, खाली जाऊ दे!" तो टिपरवाल्याला सांगत होता. पण पुढच्या जीपमध्ये सत्यनारायणजींना वाटलं, रस्त्यावरचा माणूस आपल्यालाच वाट दाखवतोय. आज त्यांना थांबायचं नव्हतंच. त्यांनी मुकाट्यानं जीप उजवीकडं घातली आणि मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर धुरळा उडवत निघून गेले. धावड्याचा रस्ता तर सरळ होता. मुस्कान मागं धावणार, तोच टिपर तिच्या गाडीसमोर आडवा झाला.

"तो रस्ता खाणीकडं जातो, मम्मीजी. लवकर सांगा त्यांना, अजून आवाज पोचतोय."

धापूबाईंनी वॉकीटॉकी उचलला, तोंडाशी नेला. "अहो... मयंकचे पप्पा..." पुढं शब्द फुटेना. बटण दाबायचं राहिलंय, हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. "चंदा दारात उभी असेल गं."

मुस्काननं हात पुढं केला. "द्या इकडं."

तिनं वॉकीटॉकीत म्हटलं, "बाबूजी, गाडी थांबवा."

"कोन बाबूजी?" मुकादम म्हणाला. "हितं पुंजाराम बोलून राह्यलोय."

मुस्काननं एक क्षण सासूकडं पाहिलं. मग बटण घट्ट दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सत्यनारायण झंवर, जालना! तुम्ही चुकीच्या रस्त्याला लागलात. गाडी वळवा!"

धापूबाईंनी तोंडावर पदर धरला.

"कोण बोलतंय?" पुढच्या जीपमधून सासऱ्याचा आवाज आला.

"मुस्कान. तुमची सून."

बोललेलं परत घेता येत नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं.

"बोल, बेटा," सत्यनारायणजी म्हणाले. "कसं येऊ?"

"मागं फिरा. टिपर हलतोय. मी पुढं होते, तुम्ही माझ्या मागं या."

मग धावड्यापर्यंत मुस्कान पुढं आणि सासरा मागं. "पुढं खड्डा आहे, बाबूजी." "पाह्यला." "आता डावीकडं." "बराबर." धापूबाई दोघांचं बोलणं ऐकत होत्या, पण त्यांनी एकदाही सुनेला थांबवलं नाही.

चंदाबाई आरतीचं ताट घेऊन दारातच उभी होती. भाऊ वेळेत उतरलेला पाहून तिला रडूच कोसळलं. मुस्कान सवयीनं पदर ओढून सासूच्या मागं उभी राहिली. सत्यनारायणजी बहिणीसाठी मांडलेल्या पाटाजवळ आले, वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मुस्कान, चुनडी आण."

चंदाबाईच्या थोरल्या जावेला तेवढंच पुरलं. "झंवरांच्या घरी सासरा सुनेशी बोलतो वाटतं?"

"सूनही बोलते," सत्यनारायणजी म्हणाले. "म्हणून तर मी आज येळेवर आलो."

मुस्काननं सासूच्या हातातली पेटी घेतली आणि पुढं झाली. "घ्या, बाबूजी," ती म्हणाली, आणि ते पाहुण्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.