पातळ काकवी

सकाळपासून माझा नवरा होझिया काहिलीभोवती फेऱ्या मारत होता. खुर्ची दिली तर जरासा टेकायचा, की पुन्हा उभा. त्याचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने धुरकटले होते, पण मळी काढायचा झारा तो कुणाच्या हाती देईना. काहील त्याच्या पणजोबांची. मालकाच्या उसाचा रस आटवण्यात त्यांचं तारुण्य गेलं. गुलामी सुटल्यावर जॉर्जियातल्या याच मातीत त्यांनी स्वतःचा ऊस लावला.

आमची लेक लव्हीनिया अटलांटाहून रजा काढून आली होती. रस लालसर झाला, फसफसू लागला. चर्चमधली मंडळी मक्याचा पाव घेऊन ताटकळत होती.

"बाबा, झालं. विस्तव ओढा," लव्हीनिया म्हणाली.

"अजून नाही."

"बुडबुडे बघा की, केवढे जाड झालेत!"

"आता तू मला शिकवणार?"

शेजारचा क्लीओफस म्हणाला, "होझिया, यंदा काकवी करतोयस की डांबर?"

सगळे हसले. होझिया हसला नाही. त्याने झारा उचलून गळणारी धार डोळ्यांजवळ नेली. त्याला धार दिसतच नव्हती. मी काही बोलणार तोच लव्हीनियाने फावडं उचललं आणि चुलाणातली जळती लाकडं भराभरा बाहेर ओढली.

"कुणाला विचारून?" तो गरजला.

"कुणालाच नाही! करपली असती सगळी."

काकवी थोडी पातळच उतरली. लोकांनी पावावर ओतून बोटं चाटली. होझियाने चाखली, "पातळ आहे," एवढंच म्हणाला आणि उसात निघून गेला. जेवायलाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी बेण्याचा ऊस थंडीत गोठू नये म्हणून लावणीपर्यंत मातीखाली पुरायचा होता. कुदळ घेऊन तो नुसताच उभा राहिला.

"चर केवढा खणू, पोरी? मला एकट्याला लावता येईल एवढ्या बेण्यापुरता, की..."

लव्हीनिया गाडीत बॅग ठेवत होती. "मार्चमध्ये लावणीला येते. त्यापुढचं आत्ता विचारू नका, बाबा. आणि त्याआधी डोळ्यांचं ऑपरेशन."

"बघू."

"बघू नाही. करायचं."

तो खणायला लागला. चर गेल्या वर्षीच्या खुणेपुढे गेला, पार कुंपणाला भिडला. गाडी रस्त्याला लागली तरी त्याची कुदळ थांबेना, आणि मलाही घरात जाऊन बसवेना.